चीज पूजनीय, मांस गुन्हा!

घरच्या घरी ब्रिटिश पद्धतीचा बीफ बर्गर करणे हे लंडनमधील माणसाला सुट्टीच्या दिवसाचे साधे काम आहे. पाचवा हिस्सा चरबी असलेला खिमा आणावा, मीठ-मिरीखेरीज काही घालू नये, फार मळू नये. जाड टिक्क्या तापल्या तव्यावर टाकाव्यात, उलटल्यावर चेडर चीजचा काप ठेवावा, आतपर्यंत शिजवून परतलेल्या कांद्यासह पावात घालावे. झाले!

हेच काम शिरूर तालुक्यातील केंदूरच्या माणसाने बैल कापून केले तर? पाच वर्षांपर्यंत कैद! १९७६ च्या कायद्याने गायीची कत्तल बंद होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. परराज्यात कापलेले गोमांस जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले. म्हणजे माणसाच्या ताटात डोकावण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने थोडा तरी छाटला.

आता त्या बर्गरमधल्या चीजकडे पाहा. ते येते गायीच्या दुधापासून. पुणे जिल्ह्याच्या याच पट्ट्यात, मंचरला, त्याचा मोठा कारखाना आहे. पण गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि होणारी सगळीच वासरे कालवडी नसतात. संकरित गायीच्या गोऱ्ह्याला ना औत ना बाजार. भाकड गाय आणि थकलेला बैल यांना वैरण कोणी घालायची? कोरडवाहू शेतकऱ्याने! पूर्वी म्हातारे जनावर विकून नव्या जनावराच्या किमतीला हातभार लागे. तो आधार कायद्याने काढून घेतला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये देण्याचेही ठरले. शेतकऱ्याच्या दावणीचे काय?

आमच्यातीलच काही जण विचारतील, बाबासाहेबांनी महाडला मृत मांस सोडायला सांगितले नव्हते काय? सांगितले होते, मार्च १९२७ मध्ये. पण तो स्वाभिमानाने स्वतः घेण्याचा निर्णय होता, पोलिसाच्या दंडुक्याने लादलेला नव्हे. त्याच बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ गोमांसाशी जोडून दाखविले. ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पवित्र झाली आणि जे खात राहिले ते बाटगे ठरले. आज धम्म स्वीकारलेल्या कित्येक घरांत मांस शिजत नाही. त्यांचाही आम्हाला आदर आहे, कारण तिथे निवड आहे.

आम्हाला बर्गरचे फारसे कौतुक नाही. आमच्या पिढीला ठाऊक आहेत त्या दोरीवर वाळणाऱ्या चान्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात महार-मांगांचे हे अन्न नोंदविले, तेही बंदीच्याच वर्षी. तोच मांसाचा तुकडा पावात घालून इंग्रजी नावाने आला की खानदानी, आणि दोरीवर वाळला की ओंगळ. हा न्याय कोणता?

केंदूरच्या घरात आज बर्गर करायचा तर म्हशीचा किंवा रेड्याचा खिमा घ्यावा लागेल. परवानगीने कापलेल्या जनावराचा तो कायद्याला चालतो. त्यात चरबी कमी, म्हणून थोडी वरून घालावी लागेल. पण तो घरी आणायचा कसा? ऑगस्ट २०२४ मध्ये कल्याणकडे निघालेल्या एका वृद्धाला रेल्वेत गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. डब्यातले मांस कोणत्या जनावराचे हे प्रयोगशाळा नंतर सांगते, मार आधी बसतो. चीज मात्र त्याच पिशवीतून बिनघोर नेता येईल, गायीचे असले तरी.