इराणच्या बहाईंसाठी लिहा, आजच लिहा

इराणमध्ये चार घरची मुलं गोळा करून त्यांना बहाई धर्माची प्रार्थना शिकवली, तर तो गुन्हा ठरू शकतो. घरावर छापा पडतो. पुस्तकं, फोन, घरातले फोटो उचलून नेतात. आरोप लागतो देशाच्या सुरक्षेला धोका असल्याचा. दाराशी उभी राहिलेली मुलं हे सगळं बघत असतात.

या बहाईंचं तुमच्याशी नातं आहे. पाचगणीचं न्यू एरा हायस्कूल 1945 मध्ये बहाईंनी उभारलं. त्यात तुम्ही शिकला असाल, तुमची भाची शिकली असेल. मुंबई-पुण्यातल्या काही इराणी हॉटेलांच्या गल्ल्यावर बहाई मालक बसत. ज्यांचा चहा आपण प्यायलो, त्यांच्याच गणगोतावर ही वेळ आली आहे. गप्प बसू नका.

18 जून 1983 रोजी शिराझमध्ये दहा बहाई बायकांना एकामागून एक फाशी दिली. मोना महमूदनेझाद अवघी 17 वर्षांची होती. ती लहान मुलांचा धर्मवर्ग घ्यायची. इज्जत एशराघी आणि त्यांची मुलगी रोया, दोघी त्याच दिवशी गेल्या. घरचा कर्ता पुरुष दोनच दिवस आधी फासावर गेला होता. ‘मी बहाई नाही’ एवढं म्हटलं असतं तर जीव वाचला असता. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

ती गोष्ट जुनी झाली, असं समजू नका. महवश साबेत मुख्याध्यापिका होत्या. इराणच्या इस्लामी क्रांतीनंतर बहाई म्हणून त्यांची नोकरी गेली. 2008 मध्ये त्यांना आणि बहाई समाजातल्याच फरीबा कमालाबादींना पकडलं. दोघींनी जवळजवळ दहा वर्षं तुरुंगात काढली. फरीबांची धाकटी मुलगी तेव्हा शाळेत जात होती. ती आईवाचून मोठी झाली. सुटून पाच वर्षंही झाली नव्हती, तोच जुलै 2022 मध्ये दोघींना पुन्हा अटक, आणि पुन्हा 10 वर्षांची शिक्षा!

‘बहाई इस्रायलचे हेर आहेत’ असं तुमच्या कानावर येईल. विश्वास ठेवू नका, पुढे पाठवू तर मुळीच नका. धर्मसंस्थापक बहाउल्लांना तुर्कांनी 1868 मध्ये कैदी म्हणून अक्का गावी नेलं. त्यांची समाधी तिथे जवळच आहे. ते गाव आज इस्रायलमध्ये येतं, पण इस्रायल जन्मलं 1948 मध्ये.

बहाई मुलांना विद्यापीठाची दारं बंद आहेत. प्रवेश परीक्षा पास झाली, तरी ‘फाइल अपूर्ण’ असं उत्तर मिळतं. म्हणून या समाजाने 1987 मध्ये घराघरांतून स्वतःचं विद्यापीठ चालवायला घेतलं. तुम्ही प्राध्यापक असाल आणि तिथल्या पदवीधराचा अर्ज तुमच्या टेबलावर आला, तर तो बाजूला सारू नका. त्या मुलाशी बोला.

आणि पत्र लिहा. इराणचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. मराठीत लिहा, आपल्या नावाने, सभ्य शब्दांत. महवश आणि फरीबा यांची नावं घाला. श्रद्धेसाठी डांबलेल्या बहाईंना सोडा, एवढंच मागा. मग आपल्या खासदारांना फोन करा. इराणमधल्या मानवी हक्कांचा ठराव दरवर्षी संयुक्त राष्ट्रांत मतदानाला येतो आणि भारताने त्याच्या विरोधात वारंवार मत दिलं आहे. यंदा मत कोणत्या बाजूने पडणार, ते विचारा. उत्तर लेखी मागा. आलं नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करा.