होमपेजला दारं हवीत!

नगरच्या माळीवाडा स्टँडवर फलाटांना पाट्याच नसत्या आणि सगळ्या गाड्या एकाच भिंतीवर लिहून ठेवल्या असत्या, तर? आपल्या वेबसाईटचं अगदी तसंच झालंय. एकच होमपेज. त्यातच प्राचार्यांचा संदेश, गॅदरिंगचे फोटो, मेसचे दर, आणि पार तळाशी शिष्यवृत्तीची नोटीस. अकोले तालुक्यातून आलेल्या माझ्या रूममेटला ती दिसली, तेव्हा मुदत संपून गेली होती. ऑफिसचं उत्तर काय, तर "वेबसाईटवर होती की!"

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संस्थेतून जगातली पहिली वेबसाईट खुली केली, तीसुद्धा एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या लिंकांचीच होती. मग आपणच एका पानात का अडकलो?

काम फार मोठं नाही. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशी चार वेगळी पानं करायची. मेनू एकाच फाईलमध्ये लिहायचा आणि पीएचपीच्या इन्क्लूडने प्रत्येक पानात घ्यायचा, म्हणजे बदल एकदाच करावा लागतो. फाईलींची नावं मात्र लहान लिपीतच ठेवावीत. लॅबमधल्या विंडोजवर चालणारी लिंक लिनक्स सर्व्हरवर एका कॅपिटल अक्षरापायी तुटते.

कुणी म्हणेल, एकच पान सांभाळायला सोपं. खरंय, पण वेबसाईट सांभाळणाऱ्यासाठी असते की शोधणाऱ्यासाठी?

सर, पानं आम्ही सुट्टीत बनवतो. तुम्ही फक्त ती सर्व्हरवर चढवायची परवानगी द्या. पुढच्या शिष्यवृत्तीच्या आत!