तासगावच्या माणसानं बोर्डो बघावं

युरोपला आठवड्याभरासाठीच जायचं असेल, तर एकच शहर निवडावं आणि ते आपल्या कामावरून निवडावं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या सांगली-मिरजेकडे सध्या नेमकं उलट चाललंय. माझा भाचा तासगावजवळ द्राक्षबाग करतो. परवा सहलीचं पत्रक घेऊन आला. "आत्या, नऊ दिवसांत पाच देश होताहेत," म्हणाला. मी ते नीट वाचलं. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, मग जर्मनीतून स्वित्झर्लंड. रोज सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर आणि दिवसाचा मोठा भाग बसमध्ये. ॲमस्टरडॅमच्या वाट्याला एक दुपार, त्यातही तासभर बोटीचा. मी त्याला विचारलं, यात तुझं शहर कुठंय?

त्याचं शहर बोर्डो. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात केवडा रोगावर बोर्डो मिश्रण न फवारलेला बागायतदार सापडायचा नाही. मोरचूद आणि चुन्याचं हे औषध त्याच बोर्डोचं. तिथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे मेदोक भागातून जात असताना त्यांना दिसलं, की रस्त्याकडेच्या वेलींवर काहीतरी निळसर शिंपडलंय आणि तेवढ्याच वेलींची पानं शाबूत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून मालकानं ते मारलेलं. मियार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली कृती जाहीर केली. आमच्याकडे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तीच कृती पिंपात कालवतात. असा माणूस पॅरिसपर्यंत जाऊन आयफेल टॉवरखाली फोटो काढतो आणि परत येतो. पॅरिसहून रेल्वेनं जेमतेम दोन तासांवर त्याच्या कामाचा इतिहास पडलेला असतो आणि पत्रकात त्याचं नावही नसतं. तिथले कमरेइतके वेल, तारेवरची त्यांची बांधणी, घडांची विरळणी हे सगळं तो ज्या नजरेनं बघेल, त्या नजरेनं बसमधला दुसरा कुणी बघणार नाही.

हाच विचार करून मी क्रेमोनाला गेले होते. आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलं, तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला. मिलानहून रेल्वेनं जायचं, लहानसं गाव, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. पण अमाती, ग्वार्नेरी आणि स्त्रादिवारी ही व्हायोलिन घडवणारी घराणी इथलीच. स्त्रादिवारी १७३७ साली इथेच वारला. आजही गावात शंभरावर कारखाने आहेत. कारखाने म्हणजे एक खोली, खिडकीपाशी बाक, भिंतीला पटाशा-कानशी, आणि वॉर्निश सुकायला तारेवर टांगलेली व्हायोलिनं. एका कारागिरानं स्प्रूसची फळी दोन बोटांत धरली, दुसऱ्या हातानं टिचकी मारली आणि कान लावला. मग थोडं खरवडलं, पुन्हा टिचकी. मी तिथेच थबकले. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेला भोपळा निवडताना आमचा मिरजेचा कारागीर अगदी हेच करतो. भाषा एका अक्षरानं कळत नव्हती, पण तो काय ऐकतोय हे मला कळत होतं. जवारी लावताना घोडीवर कानस किती हलक्या हातानं फिरते, हे मी लहानपणापासून पाहिलंय. ते पाहिलं नसतं तर ती खोली मला नुसतं दुकान वाटली असती.

तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात जुनी वाद्यं काचेत ठेवलेली असतात, पण नुसती ठेवून देत नाहीत. ठरलेल्या वेळी बाहेर काढून लगतच्या सभागृहात वाजवतात. ते ऐकताना मला अब्दुल करीम खाँसाहेब आठवले. १९३७ साली ते गेले, मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथे गाणं होतं. क्रेमोनाच्या व्हायोलिनकलेला २०१२ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडेही असं वाजतं संग्रहालय हवं, ही इच्छा मी तिथूनच घेऊन आले. एका दुपारच्या मुक्कामात हे मनात आलं नसतं.

सातारकरांना तर औंध आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांसोबत हेन्री मूर यांचं शिल्प आहे. खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरावर! ज्यानं ते लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलंय, त्यानं इंग्लंडात लंडनपुरतं न थांबता लीड्सला जावं. मूर तिथल्या कलाशाळेत शिकले, त्यांच्या नावाची संस्था तिथे आहे. विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या नाटकवाल्यांनी सिसिलीतलं सिराक्यूज धरावं. तिथल्या प्राचीन प्रेक्षागृहात उन्हाळ्यात आजही ग्रीक नाटकं होतात.

अडचणी खऱ्या आहेत. सोबत आई-वडील असतात, सांगलीच्या जैन कुटुंबांना जेवणाची काळजी असते, आणि तयार सहलीत महाराज मराठी जेवण वाढतो, हा मोठा आधार वाटतो. पण एकाच गावात राहायचं असेल तर स्वयंपाकघरासह घर भाड्यानं मिळतं. तांदूळ, भाजी, दूध, फळं कोपऱ्यावर मिळतात, मेतकूट-भडंग इथून नेता येतं. रोज बॅग भरावी लागत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे गुडघेही वाचतात. व्हिसाचंही सोपं होतं. शेंगेनचा एकच व्हिसा २९ देशांना चालतो आणि अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. एकच शहर असलं की तो प्रश्नच उरत नाही. प्रौढ माणसाला शुल्क ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ब्रिटनचा व्हिसा मात्र वेगळा काढावा लागतो.

सांगली-साताऱ्याच्या सहल कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. देश मोजून सहली विकू नका. बारा-पंधरा बागायतदारांची बोर्डो, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची क्रेमोना, अशा लहान सहली काढा. सोबत दुभाष्या द्या आणि एका जागी पाच-सहा रात्री ठेवा. कृषी खात्याचे परदेश अभ्यास दौरे निघतात, पण त्यात मोजक्यांनाच जागा मिळते, आणि घरची बाई बहुधा मागेच राहते. बागेत निम्मं काम तिचं असतं, तिनंही जायला हवं.

भाच्याला मी तारखाही सुचवल्यात. एप्रिलातली खरड छाटणी उरकलेली असते, ऑक्टोबर छाटणीची धांदल अजून लांब असते. ऑगस्टच्या सुरुवातीला त्याला आठवडाभर निघता येतं, आणि बोर्डोकडे नेमके तेव्हाच घड रंगावर येत असतात.