आईसाठी व्यायामाचे यंत्र घेताना



मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागते, हातात चार पैसे खेळू लागतात आणि आईचे दुखरे गुडघे, वडिलांची वाढलेली साखर डोळ्यांपुढे येते. मग घरात विचार सुरू होतो की, व्यायामाचे एखादे यंत्र आणावे. त्यातल्या त्यात जे यंत्र दुकानदार 'क्रॉस ट्रेनर' किंवा 'इलिप्टिकल' म्हणून दाखवतात, त्याची चौकशी आपल्या वस्त्यांतूनही होऊ लागली आहे. स्वस्तातले चालेल का, घेताना काय पाहावे, याचा आज विचार करू.

"गरिबाला यंत्र कशाला, रस्त्याने चालावे," असे कोणी म्हणेल. पण आपल्या सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, सकाळी नऊलाच चटके बसतात. पहाटे बाईच्या मागे पाणी, डबे, शाळा. त्यानंतर दिवसभर मांडी घालून विड्या वळायच्या किंवा शिलाई मशीनवर वाकून बसायचे. होम मैदानावर फेऱ्या मारायला जाणे प्रत्येकीला जमतेच असे नाही. म्हणून घरात व्यायाम व्हावा ही इच्छा चैनीची समजू नये. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. कष्टकरी बाईच्या शरीराची काळजी ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याला नवा नाही.

धम्मातही शरीराकडे दुर्लक्ष करायला सांगितलेले नाही. चुल्लवग्गात कथा आहे. वैशालीचे भिक्खू रोज पक्वान्नांचे भोजन मिळू लागल्याने आजारी पडू लागले. वैद्य जीवकाने ते पाहिले आणि भिक्खूंना चंक्रमणाची, म्हणजे येरझाऱ्या घालण्याची, परवानगी द्यावी अशी भगवंतांना विनंती केली. भगवंतांनी ती मान्य केली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते.

आता यंत्राकडे वळू. 'प्रेकॉर' या अमेरिकन कंपनीने १९९५ साली हे यंत्र बाजारात आणले. यात दोन पायऱ्यांवर उभे राहून चालल्यासारखे पाय फिरवायचे आणि हातांनी दांडे मागे-पुढे करायचे असतात. पाय पायरीवरून उचलला जात नाही, त्यामुळे धावताना गुडघ्याला बसतो तसा दणका बसत नाही. गुडघेदुखीवाल्यांना ते सोसते ते यामुळेच. मात्र गुडघा सुजलेला असेल, छातीत दुखत असेल किंवा चालताना दम लागत असेल, तर आधी सिव्हिलमध्ये दाखवावे.

नवे घरगुती यंत्र साधारण दहा हजारांच्या पुढे मिळते. घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, जागा. यंत्राला चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा लागते, शिवाय चढायला-उतरायला मोकळी बाजू हवी. पायरी वर गेली की माणूस फूटभर उंच होतो, म्हणून पत्र्याचे छत आणि पंखा यांचे अंतर मोजून घ्यावे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खाली रबरी चटई घालावी, नाहीतर खालच्या घराला आवाजाचा त्रास होतो. आपली सोलापुरी चादर मात्र खाली घालू नये, ती सरकते.

दुसरी गोष्ट, पावलाची लांबी. स्वस्त यंत्रात पाऊल आखूड पडते. पाच फूट उंचीच्या बाईला बारा-चौदा इंचांचे पाऊल पुरते. साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाला ते अपुरे पडते आणि गुडघा अवघडतो. म्हणून ज्याच्यासाठी यंत्र घ्यायचे, त्यालाच दुकानात नेऊन दहा मिनिटे चालवायला लावावे. फोटो पाहून घेऊ नये.

तिसरी गोष्ट, बळकटी. यंत्र किती किलोच्या माणसासाठी आहे हे लिहिलेले असते. आपल्या वजनापेक्षा पंधरा-वीस किलो जास्तीचे घ्यावे. जोर कमी-जास्त करण्यासाठी पट्टा घासणारी रचना असेल, तर पट्टा झिजतो. चुंबकाची रचना थोडी महाग पडते, पण आवाज कमी करते आणि टिकते. साध्या यंत्राला वीज लागत नाही, मीटरला फक्त सेल लागतात. मीटरवरचा कॅलरीचा आकडा अंदाजाचा असतो, त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

चौथी गोष्ट, जुने यंत्र. २०२०च्या टाळेबंदीत अनेकांनी घरी यंत्रे घेतली. त्यातल्या कितीतरी यंत्रांवर आता कपडे वाळतात. असे यंत्र कमी पैशांत मिळू शकते. ते डुलते का, सांध्यात खटखट वाजते का, वेल्डिंगला चीर आहे का, हे तपासावे. चार घरांनी मिळूनही घेता येईल, पण घरगुती यंत्र दिवसभर दहा-वीस जणांना झेपत नाही हे ध्यानात ठेवावे.

कर्ज काढून मात्र घेऊ नये. 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात त्यातही प्रक्रियेचे पैसे लावलेले असू शकतात. कागद वाचून घ्यावा.

वापरताना साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा, कारण पदर आणि निऱ्या सांध्यात अडकतात. लहान मुलांची बोटे चाकाजवळ जाऊ देऊ नयेत. साखरेच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये आणि पायात बूट घालावेत. सुरुवात पाच मिनिटांनी करावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास.

हा अर्धा तासच खरी अडचण आहे. यंत्र आणले तरी भांडी, पाणी, विड्यांचा हिशेब आईच्याच अंगावर राहिला, तर ती त्यावर चढणार कधी? म्हणून पैसे भरण्यापूर्वी महिनाभर एक करून पाहा. आईचा रोजचा अर्धा तास ठरवा. त्या वेळेत भाकरी मुलाने थापावी, पाणी वडिलांनी भरावे आणि आईने गल्लीत, गच्चीवर किंवा विहाराच्या अंगणात चंक्रमण करावे. तीस दिवसांपैकी वीस दिवस हे जमले, तर यंत्र खुशाल घ्या, ते वापरले जाईल. जमले नाही, तर यंत्राचे पैसे राखून ठेवा आणि आधी घरातली कामे वाटून घ्या.

जयभीम!