जुन्या कॉम्प्युटरसाठी नव्याचं दार उघडं टाकू नका

घरातूनच धंदा सुरू केलाय, नवा लॅपटॉप घेतलाय, पण बिलांच्या फाइल्स जुन्या कॉम्प्युटरवर आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मग कोणीतरी सांगतं, "एसएमबी वन चालू कर, लगेच होईल." होईलही. पण माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका.

एसएमबी वन म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला. विंडोज ११ मध्ये ती बंद येते, ती उगाच नाही.

आधी जुना कॉम्प्युटर कोणता ते बघा. विंडोज ७ असेल तर एसएमबी वनची गरजच नाही. दोन्हीकडे घरचं वायफाय 'प्रायव्हेट' किंवा 'होम' नेटवर्क ठेवा, फाइल शेअरिंग चालू करा, जुन्यावर पासवर्डचं युजर अकाउंट बनवा आणि नव्यावरून तेच टाका. एक्सपी असेल तर पेनड्राइव्हने फाइल्स आणा, नव्यावर व्हायरस स्कॅन करा आणि जुन्याचं इंटरनेट काढून टाका.

शॉर्टकटने अर्धा तास वाचेल हो, पण गिऱ्हाइकांची उधारी कुठे लिहिली होती तेच गेलं तर वसुली कशी करणार? आज आधी बॅकअप घ्या, मग बाकीचं.