छात्रसेना वाढते आहे, पण गुरुजी कुठून आणायचे?

ओमानची राजधानी मस्कत. तेथील विमानतळाच्या पश्चिमेला अल मवालेह नावाची वस्ती आहे. भारतातून नोकरीधंद्यासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे या भागात राहतात, त्यांत मराठी घरेही आहेत. मुले भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकतात आणि बारावी झाली की अनेकजण कॉलेजसाठी पुणे, मुंबई किंवा नागपूर गाठतात. तेथे कॉलेजच्या फलकावर एक सूचना असते: एन.सी.सी.त नाव नोंदवा. मुलगा किंवा मुलगी हौसेने मवालेहला फोन करते. गणवेशाचे ऐकून वडील खूष होतात. आई मात्र विचारते, ‘अरे, पण परेडला नि कॅम्पला तुमच्याबरोबर मोठं माणूस कोण असतं?’

वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न साधा वाटतो, पण भारताच्या राष्ट्रीय छात्रसेनेचे पुढील भवितव्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते.

थोडा इतिहास पाहू. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलींचा विभाग सुरू झाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ पासून, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची करण्यात आली. पण १९६८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला मॉरिशस स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ती सक्ती उठली. तेव्हापासून छात्र होणे हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. छात्राला सैन्यात जाण्याचे बंधनही नाही. कायद्यातच तसे स्पष्ट आहे.

आता ही सेना चालवतो कोण? बटालियनचा प्रमुख कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल दर्जाचा लष्करी अधिकारी असतो. कवायत व हत्यारे शिकवायला सैन्यातले हवालदार येतात. परंतु ही मंडळी काही वर्षांनी बदलून जातात, आणि एकेका बटालियनकडे अनेक शाळा-कॉलेजे असतात. रोज मुलांच्या समोर असतो तो त्यांचाच शिक्षक किंवा प्राध्यापक. त्याला सहयोगी एन.सी.सी. अधिकारी म्हणतात. शाळेतला गुरुजी थर्ड ऑफिसर म्हणून सुरुवात करतो आणि सेकंड, फर्स्ट अशा पायऱ्या चढत चीफ ऑफिसर होतो. कॉलेजातला प्राध्यापक लेफ्टनंट, कॅप्टन आणि मेजर होतो. त्यासाठी त्याला घरदार सोडून काही आठवड्यांचे खडतर प्रशिक्षण घ्यावे लागते. पुरुष शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरजवळ कामठीला आहे, आणि महिलांचे ग्वाल्हेरला.

या माणसाचे काम केवढे असते, ते बाहेरच्यांना दिसत नाही. गणित किंवा इतिहासाचे तास घ्यायचे, पेपर तपासायचे आणि त्यावर परेड, कॅम्प, नोंदवह्या, गणवेशांचा हिशेब, परेडनंतरचा नाश्ता. कोणाला ताप आला, कोणाच्या घरी काय बिनसले, कोणाला बूट चावतात, हेही त्यानेच पाहायचे. मोबदला म्हणून थोडेसे मानधन मिळते. नोकरी शिक्षकाची आणि सेवा स्वेच्छेची, असा हा दुहेरी भार आहे. जेथे असा प्रशिक्षित शिक्षक मिळत नाही, तेथे दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला ‘केअरटेकर’ म्हणून नेमतात आणि गाडा कसाबसा पुढे ढकलतात.

मोठ्या माणसाची जागा रिकामी राहिली की काय होते, हे ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यात दिसले. एका महाविद्यालयातील छात्रांना भर पावसात, चिखलात ओणवे करून काठीने मारत असल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. महाराष्ट्रात संताप उसळला. शिक्षकाने असे करावे काय, असे लोक विचारू लागले. परंतु मारणारा शिक्षक नव्हताच. तो वरच्या वर्गातील छात्र होता, असे महाविद्यालयानेच सांगितले. त्याच्यावर कारवाईचेही जाहीर झाले.

आमच्या मते या प्रकरणाचा धडा येथेच आहे. त्या एका मुलाला शिक्षा करून प्रश्न सुटत नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती अधिकार दिला आणि त्याच्यावर नजर ठेवणारे प्रौढ माणूस मैदानावर नसले, तर शिस्त आणि मारहाण यांतला फरक त्याला कोण शिकवणार? गणवेशाने अंगात ऐट येते, पण विवेक येतोच असे नाही. तो माणसाकडून माणसाकडे जातो.

आता आजच्या घडामोडींकडे वळू. १९४८ साली छात्रसेनेत सुमारे २०,००० छात्र होते. जुलै २०२४ मध्ये भारताच्या संरक्षण मंत्र्यांनी आणखी ३ लाख जागांना मंजुरी दिली, आणि त्यामुळे मंजूर संख्या २० लाखांवर जाणार आहे. त्याआधी, १५ ऑगस्ट २०२० रोजी, सीमेवरील व किनाऱ्यावरील १७३ जिल्ह्यांत छात्रसेना वाढवण्याची आणि नव्या छात्रांत एक तृतीयांश मुली घेण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली होती. महाराष्ट्राने तर २०२४ साली सलग तिसऱ्यांदा पंतप्रधानांचे मानाचे निशाण जिंकले. मुलांची मागणी आहे, सरकारची इच्छा आहे. उणीव आहे ती मोठ्या माणसांची. साधा हिशेब करा. शंभर मुलांमागे एक शिक्षक धरला, तरी ३ लाख मुलांसाठी तीन हजार नवे शिक्षक हवेत.

२०२४ च्या योजनेत यावर एक उपाय सुचवला आहे. निवृत्त सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घ्यायचे. हा विचार चांगलाच आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली या भागांत गावोगाव माजी सैनिक आहेत. त्यांच्याजवळ शिस्त आहे, अनुभव आहे आणि निवृत्तीनंतर मानाचे काम मिळाले तर तेही त्यांना हवेच आहे. कवायत, नकाशावाचन, नेमबाजी हे त्यांच्याइतके चांगले कोण शिकवील?

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. जवान तयार करणे निराळे आणि शाळकरी मूल वाढवणे निराळे. जवान प्रौढ असतो, त्याने नोकरी पत्करलेली असते. छात्र तेरा-चौदा वर्षांचा असतो, आणि उद्या त्याला चाचणी परीक्षाही असते. त्याचा स्वभाव, त्याचे घर, त्याचे मार्क शिक्षकाला ठाऊक असतात. म्हणून माजी सैनिक शिक्षकाच्या जोडीला यावा, त्याच्या जागी नव्हे. जोडीला येणाऱ्या सैनिकालाही मुलांशी कसे वागावे याचे थोडे शिक्षण द्यावे.

ब्रिटनकडे पाहिले तर तेथील आर्मी कॅडेट फोर्समध्ये शिक्षकांखेरीज दुकानदार, कारकून, गृहिणी असे समाजातले सामान्य लोक प्रौढ स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यांची आधी चौकशी होते, प्रशिक्षण होते आणि वर्षातील ठराविक दिवसांचा भत्ताही मिळतो. भारताने ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असे नाही. पण स्वयंसेवकाच्या वेळेला किंमत असते, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. परेडच्या दिवशी शिक्षकाचे तास कमी करावेत, बढतीच्या वेळी त्याची सेवा धरावी, आणि कामठीला जाताना त्याच्या वर्गाची सोय शाळेने करावी. या तीन गोष्टी झाल्या तर पुढे येणारे शिक्षक वाढतील.

मॉरिशसच्या वाचकांना हे सांगण्याचे कारण काय? आपल्या देशात सैन्य नाही, १९६० पासून स्पेशल मोबाईल फोर्स हे पोलिसांचे दल आहे. तरीही स्वयंसेवक गुरुजी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दिवसभर उसाच्या मळ्यात राबून संध्याकाळी बैठकीत कंदिलाच्या उजेडात मुलांना अक्षरे गिरवायला लावणारी माणसे आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. त्यांना ना हुद्दा होता, ना गणवेश. पण ती माणसे रोज येत राहिली, म्हणूनच आपली भाषा घरात उरली.

भारतीय छात्रसेनेची पथके भारतातील शाळा-कॉलेजांशी जोडलेली आहेत, त्यामुळे मवालेहच्या मुलाला तिची गाठ पडते ती बहुधा परतल्यावरच. मात्र मवालेहमध्ये असो वा आपल्या बेटावर, मुलांसाठी स्काउट पथक, क्रीडामंडळ किंवा मराठीचा वर्ग काढायचा झाला, तर आधी कापड आणि बिल्ले मोजू नयेत. दर आठवड्याला न चुकता येणारी माणसे किती आहेत, ते मोजावे. ती दोन असतील तर दोन माणसांना सांभाळता येतील एवढीच मुले घ्यावीत.

त्या आईच्या प्रश्नाला ‘आमचे सर असतात, आई’ एवढे उत्तर मुलाला देता आले पाहिजे. ३ लाख नव्या जागा भरताना दिल्लीने आणि मुंबईने याच उत्तराची सोय आधी करावी.