पाहुण्याचा ताळेबंद

शनिवार-रविवारची जोडसुट्टी, पाठीवर एक पिशवी आणि मोठ्या शहरात मित्राची खोली, एवढ्या भांडवलावर सहल करणारी तरुण मंडळी आज पुष्कळ आढळतात. हॉटेलचे भाडे वाचते, शहर दाखवायला हक्काचा माणूस मिळतो आणि परतल्यावर ‘इतक्या थोड्या पैशांत कोलकाता पाहिले’ असे अभिमानाने सांगता येते. काटकसर हा गुणच आहे. प्रश्न एवढाच, की तो खर्च खरोखर वाचला, की दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडला?

जमशेदपुरात नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी तरुणाचे उदाहरण घ्यावे. टाटानगर ते हावडा अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटेच्या गाडीने निघाल्यास चार-साडेचार तासांत हुगळीचा काठ दिसतो. स्थानकाबाहेर टॅक्सीवाले गराडा घालतात, परंतु जवळच्याच धक्क्यावरून लाँच अल्प भाड्यात पैलतीरी नेते आणि १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला हावडा पूल पाण्यावरून पाहायला मिळतो, तो वेगळाच लाभ. २०२४ पासून नदीखालून मेट्रोही धावते. भारतातील पहिली मेट्रो १९८४ मध्ये याच शहरात सुरू झाली. कॉलेज स्ट्रीटची जुन्या पुस्तकांची दुकाने, विस्तीर्ण मैदान, कुमारटुलीतील मूर्तिकारांच्या गल्ल्या यांना तिकीट नाही. १८१४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन म्युझियमला ते आहे. मात्र ते सोमवारी बंद असल्याने रजा जोडून तो दिवस त्यासाठी राखून ठेवू नये.

येथवर हिशेब सरळ आहे. तो बिघडतो मित्राच्या दारात. यजमान बिचारा एका खोलीत राहणारा, पगाराचा मोठा भाग भाड्यात देणारा. एरवी तो बसने फिरतो. पाहुण्यासाठी टॅक्सी करतो. एरवी खानावळीत जेवतो. पाहुण्याला पार्क स्ट्रीटवर नेतो. बिल आले की पाहुणा ‘अरे, मी देतो ना’ म्हणतो खरा, पण त्याचा हात खिशापर्यंत फार सावकाश जातो. निघताना संदेशाचा पुडाही यजमानाच्याच पैशांचा! पाहुण्याच्या वहीत मात्र रेल्वेभाडे आणि चहा एवढ्याच नोंदी राहतात. असा एकेरी हिशेब कोणताही लेखापाल मान्य करणार नाही.

मैत्रीत हिशेब कसला, असे म्हणणारे बहुधा घेणाऱ्याच्या बाजूला उभे असतात. देणारा बोलत नाही, महिनाअखेरीस क्रेडिट कार्डावर ढकलतो आणि पुढच्या वेळी ‘त्या आठवड्यात मी गावाला आहे’ असे कळवतो. दोघांपैकी एकालाही खरे कारण कधी उमगत नाही. उलट, निघताना यजमानाच्या हातात नोटा मोजून ठेवणे हा त्याच्या आतिथ्याचा अपमानच. त्यापेक्षा सकाळी त्याच्याबरोबर बाजारात जाऊन भाजी-मासळीचे पैसे आपण द्यावेत, तिकिटे आपण काढावीत, एका जेवणाचे बिल टेबलावर येण्यापूर्वीच गल्ल्यावर चुकते करावे.

दिवसाची निवडही महत्त्वाची. बँकांना २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्यांपैकी दुसरा शनिवार ८ ते १४ तारखांमध्ये येतो, चौथा २२ ते २८ मध्ये. पाहुण्याला दोन्ही सारखेच. महिन्याच्या आरंभी पगार मिळणाऱ्या यजमानाला नाहीत.

कोलकात्याला तर मराठी पाहुण्याची जुनी धास्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भयाने १७४२ मध्ये शहराच्या रक्षणासाठी खंदक खणण्यात आला. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्या स्वारांना बंगाली माणूस ‘बर्गी’ म्हणतो, म्हणजे आपला बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगीर दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर बसे. मित्राच्या पैशांवर शहर पाहणाऱ्याला यापेक्षा चपखल शब्द शोधूनही सापडणार नाही.

रविवारी सायंकाळी हावड्याला गाडी सुटण्यापूर्वी ‘ये की कधीतरी आमच्याकडे’ असे मोघम निमंत्रण देण्याची पद्धत आहे. त्याऐवजी तारीख ठरवावी, टाटानगरचे तिकीट आपणच काढून पाठवावे. जुबिली पार्क आणि डिमना तलाव दोन दिवसांना पुरेसे आहेत.